अकरा वाजता कर्नल काय करतो

तिसरा आठवडा होता. प्रयोगशाळेचा सर्व्हर रोज बरोबर अकराला अडखळायचा, रक्ताचे रिपोर्ट अडकायचे, आणि दोन मिनिटांत नवी शिकाऊ मुलगी त्यावर लॉगिन करायची.

हे तीच करते, याबद्दल तिच्या वरिष्ठाला आता शंका राहिली नव्हती. तिला हाताला धरून त्यानेच शिकवलं होतं, म्हणून जास्तच लागलं.

"रोज अकराला तिथे काय करतेस?"

"बघते, सर."

"आणि लगेच बाहेर पडतेस?"

"ठीक झालं की पडते." ती कीबोर्डकडे बघत राहिली.

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. पहिल्या आठवड्यात ती काहीतरी सांगायला आली होती. "सर, ती कमांड…" त्याने "आधी शिक, मग शिकव" म्हणून वाटेला लावलं होतं. सर्व्हरवरचं चालू काम थांबवायचा अधिकार दोघांना होता, आपोआप सुरू होणाऱ्या कामांच्या वेळापत्रकाला हात लावायचा फक्त त्याला. एवढ्यावरच पोरगी शेफारली, असं त्याला वाटलं.

साहेबांनी बजावलं होतं, "हे कोणामुळे होतंय, बारापर्यंत नाव द्या. ज्याचं नाव, तो आजच घरी." मागच्या महिन्यात त्याच्याच हातून एक चूक झाली होती, त्यामुळे साहेबांची नजर त्याच्यावरही होती, आणि हे नवीलाही ठाऊक होतं. नोकरी जायची भीती त्याला झोपू देत नव्हती.

अकराला पाच कमी असताना त्याने काळ्या पडद्यावर पर्फ चालवलं. कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, कुठल्या कामात किती वेळ घालवतो हे ही कमांड सांगते. तीन आठवड्यांपूर्वी ती याच सर्व्हरवर करून बघत त्याने नवीलाही दाखवली होती.

अकराला सर्व्हर अडखळला. दोन मिनिटांनी नवी लॉगिन झाली. पर्फची यादी न बघताच त्याने साहेबांना तिचं नाव पाठवलं. मिनिटभरात सगळं सुरळीत झालं.

मग त्याने यादी उघडली. कर्नलचा अर्ध्याहून जास्त वेळ खाणारं काम सगळ्यात वर होतं. पर्फ. आत्ता लावलेलं नव्हे, दुसरंच, रोज अकराला आपोआप सुरू होणारं, त्याच्याच नावावरचं. प्रयोग म्हणून लावलेलं, काढायचं राहून गेलेलं. सर्व्हरच्या नोंदीप्रमाणे अकरा वाजून तीन मिनिटांनी ते नवीने थांबवलं होतं, कालच्यासारखंच, परवासारखंच.

फोन वाजला. साहेबांचा निरोप होता: "बरोबर. सकाळी स्वतः येऊन तिनेही स्वतःचंच नाव दिलं."