चौकड्यांचा शर्ट

धाकट्या मुलीचं लग्न झालं, त्याच वर्षी शिंप्याच्या दारावरचा कॅमेरा चोरीला गेला. भिंतीत नुसते स्क्रू उरले.

"बाबा, पोलिसांत तक्रार द्या, पासवर्ड बदला आणि तो कॅमेरा मोबाइलमधून काढून टाका," मुलीने फोनवर सांगितलं.

"राखणदारालाच पळवलं की मेल्याने," बायको हसली.

शिंपी तक्रार देऊन आला. कॅमेरा काढून टाकायला त्याने मोबाइल उघडला, तर चित्र चालूच होतं. चोराचं घर नव्हतं ते. त्याचंच दार होतं, आणि पायरीवर तो स्वतः एकटा बसला होता.

अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट होता. त्याचं कापड अजून आत मशीनवर नुसतं बेतून पडलं होतं. चित्रातला शर्ट शिवून झालेला होता, पण त्याला एकही बटण नव्हतं. पुढून तो टाचणीने अडकवला होता.

शिंप्याच्या हातच्या प्रत्येक शर्टाला आजवर बायकोनेच बटणं लावली होती.

"काय बघताय एवढं?" तिने विचारलं. "तो शर्ट शिवायला घ्या आता. लग्नात सगळ्यांचे शिवलेत, स्वतःचाच तेवढा राहिला. बटणं मी लगेच लावून देते."

"घेतो," तो म्हणाला, आणि ती आत वळताच त्याने ते कापड ट्रंकेच्या तळाशी दडपलं.

मोबाइलमधल्या माणसाने मान वर केली, सरळ त्याच्याकडे पाहिलं आणि हळूच नकारार्थी मान हलवली.

बायको त्याच महिन्यातल्या शेवटच्या बुधवारी, सकाळी चहाच्या आधी गेली.