रंकाळ्याची भरती

शाहू महाराजांच्या राज्यात, एका चैत्रात, रत्नागिरीकडचा इमाम नावाचा मच्छीमार कोल्हापुरात बहिणीकडं राहायला आला होता. दर्यावर त्याचं सगळं गणित भरतीचं. पाणी चढू लागलं की मासा चरायला काठाशी येतो. तेव्हा जाळं टाकायचं आणि वाट बुडायच्या आत माघारी फिरायचं.

सकाळी तो रंकाळ्यावर गेला. घोटाभर पाण्यातून चालत जाऊन एका खडकावर उभा राहिला आणि जाळं फेकलं. पाणी पोटरीला लागलं, मग गुडघ्याला. भरती लागली, असं मनाशी म्हणत त्यानं जाळं ओढलं. आत बोयटं फडफडत होती, खाडीचा मासा. तो खूश झाला. मग त्याला आठवलं, की हे तळं आहे.

पाणी कमरेला आलं. ओढ एवढी, की पाय उचलायची सोय नव्हती.

काठावर चिमणाबाई धुणं धूत होती. तो ओरडला, "बाई, पाणी चढतंय! दोर टाका!"

"कुटं चढतंय?" ती हसली. तिच्या पायाखालची पायरी कोरडीच होती. "घोटाभर पाण्यात हायसा की, पावणं. या चालत."

"पाय निघत नाही!"

"आलो, थांबा." लुगडं वर खोचून ती पाण्यात उतरली आणि चालत त्याच्याजवळ आली.

पाणी इमामच्या हनुवटीला लागलं होतं. तोंडात खारट लाट शिरली, शब्द फुटेना. चिमणाबाईचे ओले घोटे त्याच्या डोळ्यांसमोर होते.

ती चहूकडं बघत होती.

"पावणं? अवो, कुटं गेलासा?"