कोपऱ्यावरच्या घरात बेकरी

बैठक नर्सबाईंच्या बाहेरच्या खोलीत भरली, कारण जळमटं न झाडता बसता येईल अशी तेवढीच एक खोली गल्लीत उरली होती. कोपऱ्यापर्यंत मोटारी लागल्या होत्या. जो तो लांबून आला होता. उतरल्या उतरल्या मान वर करून आपल्या बंद घराकडे बघत होता आणि गॅलरीची लाकडी नक्षी शाबूत आहे म्हटल्यावर निवांत होऊन आत येत होता. खोली माणसांनी भरली तशी नर्सबाईंची अशी धांदल उडाली, की चहात साखर दोनदा पडली. सगळ्यांनी तो तसाच पिऊन टाकला.

प्रश्न घड्याळजींच्या घराचा होता. घड्याळजी वारले होते आणि त्यांच्या मुलाला नर्सबाईंच्या घराला लागून असलेलं ते कोपऱ्यावरचं घर एका बेकरीवाल्याला भाड्यानं द्यायचं होतं. मागे भट्टी, पुढे दुकान. पण या गल्लीत राहत्या घरात धंदा करायचा तर सगळ्या घरमालकांचा होकार लागे. नियम आधीच्या पिढीनं केलेला. आजूबाजूचं सगळं पाडून झालं तरी ही जुनी घरं उभी होती, ती त्या नियमाच्या जिवावर.

बेकरीवाला दाराजवळच्या स्टुलावर अंग चोरून बसला होता.

प्राध्यापक बोलायला उठले. नर्सबाईंच्या समोरचं घर त्यांचं.

"आज बेकरी येईल. उद्या तिला लागून मोबाईलचं दुकान, परवा हॉटेल. बोट धरू दिलं की मनगट धरतात लोक." पुढचं बोलायचं ते विसरले आणि खिडकीतून बाहेर बघत राहिले. "आमच्या त्या गॅलरीत आई केस वाळवत उभी असायची. अजून इथे आलो की माझी नजर आधी तिकडे जाते. त्या गॅलरीच्या आजूबाजूला दुकानांच्या पाट्या लागलेल्या मला नाही बघवणार."

वकीलवहिनींनी डोळ्याला रुमाल लावला.

"आम्ही राहतो दुसरीकडे, पण डोळे मिटले की दिसते हीच गल्ली," त्या म्हणाल्या. "आणि नर्सबाईंचा तरी विचार करा. या वयात त्यांच्या डोक्याशी भट्टी?"

सगळ्यांच्या माना नर्सबाईंकडे वळल्या. त्यांनी कपांचा ट्रे खाली ठेवला आणि बेकरीवाल्याला विचारलं, "तुमची माणसं कामाला कधी येतात हो?"

"पहाटे. उजाडायच्या आधी." तो उठून उभाच राहिला. "खोटं कशाला सांगू, थोडा आवाज होतो. पावाचे पत्रे आपटतात, माणसं मोठ्यानं बोलतात. एक कारागीर तर पीठ मळताना गातो. पण त्याला मी गप्प बसवीन."

"नका बसवू," नर्सबाई म्हणाल्या.

कोणीतरी हसलं. त्या हसल्या नाहीत.

"बाई, अहो, गल्लीत राहणाऱ्या तुम्हीच काय त्या उरलात," प्राध्यापक म्हणाले. "तुम्हाला नको का ती होती तशी?"

"होती तशीच हवीये मला. तू जिन्यात बसून पाढे म्हणायचास, आठवतंय? बारावर अडलास की पुन्हा पहिल्यापासून. मी रात्रपाळी करून यायचे आणि तुझ्यापायी डोळ्याला डोळा लागायचा नाही. तुझी आई तिथून ओरडून विचारायची, आज किती बाळं झाली गं? साऱ्या गल्लीला कळायचं. त्यात घड्याळजींची घड्याळं, एकाचा टोला दुसऱ्याच्या टोल्याशी जुळेल तर शपथ." त्या जराशा हसल्या. "सगळ्यांना शिव्या घालायचे रे मी तेव्हा. आता संध्याकाळी दार लावलं की माझाच खोकला मला ऐकू येतो."

प्राध्यापक खाली बसले.

"तू आलास की त्या गॅलरीकडे बघतोस," नर्सबाई हळूच म्हणाल्या. "मी रोज बघते."

मग वकीलवहिनींनी घसा साफ केला आणि मत घ्यायचं ठरलं. बेकरी हवी म्हणून घड्याळजींच्या मुलानं हात वर केला आणि नर्सबाईंनी. नको म्हणणारे बाकीचे सगळे. प्राध्यापकांचा हात सर्वांत शेवटी वर गेला. पण गेला.

निघताना प्रत्येकानं नर्सबाईंचा हात हातात घेतला. "तुम्ही आहात म्हणून आम्ही तिकडे बिनघोर आहोत," वकीलवहिनी म्हणाल्या, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं होतं. प्राध्यापक मोटारीच्या दारापाशी थोडे घुटमळले, काही बोलणार असं वाटलं, पण मागून कोणीतरी हॉर्न दिला. एकेक करून मोटारी गेल्या. शेवटची वळेपर्यंत नर्सबाई दारात उभ्या होत्या. गल्ली पुन्हा चित्रासारखी सुंदर दिसू लागली.

त्या आत आल्या तर बेकरीवाला अजून होता. रिकामे कप ट्रेमध्ये गोळा करत होता.

"अहो, राहू दे ते."

"असू दे, सवय आहे हाताला." ट्रे त्यानं मोरीपाशी नेऊन ठेवला. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, बाई. मंडईमागे एक जागा आहे दुसरी. बोळ आहे नुसता. दिवसभर हातगाड्यांचा कलकलाट, वरून माणसं भांडतात, खाली पोरं खेळतात. पण आपल्याला काय, भट्टी पेटल्याशी कारण."

नर्सबाईंनी नळ सोडला. दोन कप विसळले. मग नळ बंद केला.

"त्या भट्टीच्या वर," त्यांनी विचारलं, "राहायला एखादी खोली आहे का हो?"