निरोपाची रीत

त्सुनेवहिनींना दिसेनासं झालं. त्यांना सरकारी मदतनीस द्यायची की नाही, ते ठरवायला साहेब घरी येणार होते.

"आज तरी जरा अडखळा, ठेचकाळा, वहिनी," मी शेजारीण म्हणून बजावलं.

"पाहुण्यासमोर? तुला लाज नाही वाटत?"

थेंबही न सांडता त्यांनी हिरवा चहा ओतला, वर सफरचंद सोलून दिलं. साहेब खूश! "आजी, तुम्हाला कशाला हवी मदतनीस?"

मी कपाळावर हात मारून घरी गेले. वहिनी फाटकाशी कमरेत वाकून उभ्या राहिल्या. पाहुण्याची गाडी वळणाआड जाईपर्यंत असंच वाकून राहायचं, ही आमच्या नागानोची जुनी रीत.

साहेबांची विजेवरची गाडी जराही आवाज न करता निघून गेली.

 

तासाभरानं विसरलेली छत्री न्यायला ते परतले, तेव्हा अजून वाकलेल्याच वहिनींनी त्यांनाच विचारलं, "काय हो, गेले का साहेब?"