दोन खोडांचं झाड

बोन्साय क्लबमध्ये कार्यशाळा घ्यायला आलेल्या बाईंपुढे थोरल्या भावाने वडिलांचं झाड ठेवलं. एकाच मुळावर दोन खोडं होती. “मधोमध कापा. वाटणीत एवढंच राहिलंय.” पलीकडून धाकटा गुरकावला, “डावं माझं.” बाईंनी मुळं चाचपली. “कापलं तर एकच जगेल, कदाचित एकही नाही.” थोरल्याला वाटलं, आता तरी हा म्हणेल, ‘दादा, राहू दे, तूच ने’. मग आपणही मोठेपणा दाखवू. धाकटा म्हणाला, “मेलं तरी चालेल, पण याच्या गॅलरीत नको.” थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “कापाच!” बाईंनी करवत खाली ठेवली. “माझ्याच्याने होणार नाही.” करवत धाकट्याने उचलली. कुंडी हलू नये म्हणून थोरल्याने ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. वडील गेल्यापासून दोघा भावांनी मिळून केलेलं ते पहिलंच काम होतं.