सेंद्रिय ते सरकारजमा

चांद्रवस्तीच्या खिडकीवर भोईटे नावाचा कारकून केतकीच्या आईच्या वस्तू निवडत बसला होता. आई सकाळीच गेली होती. चंद्राच्या मातीत कार्बन औषधालाही सापडत नाही, म्हणून मेलेल्याचं सेंद्रिय ते सगळं, देहासकट, शेतघरात खताला जायचं. असेंद्रिय तेवढं नातलगांना मिळायचं.

गोधडी त्याने आत टाकली. स्टीलचा डबा केतकीकडे सरकवला. मग मंगळसूत्राचा दोरा ओढून काढला आणि काळे मणी वाटीत ओतून दिले.

"दोरा सुती आहे, ताई. आणि केसही द्या. सगळेच लपवतात."

केतकीने पदराआडून आईची बट काढली.

"एवढी तरी राहू द्या हो, भाऊ. मूठभरसुद्धा नाही."

"त्यात चार पानं पालक होतो."

बट हातातून गेली तसा तिला हुंदका फुटला. चोरी पकडल्यासारखी ती घाईघाईने डोळे पुसू लागली. भोईटेला कणव आली.

"रडा खुशाल," तो हलकेच म्हणाला. "मीठ आणि पाणी, दोन्ही असेंद्रिय. नियमात बसतं."

परवानगी मिळाली आणि केतकीचं रडू जागच्या जागी आटलं.