पायरीवरचा हात

शहराच्या विमानतळाची जुनी इमारत पाडू नये म्हणून वास्तुविशारद संयोगिता खूप भांडली आणि तिनंच ती दुरुस्त केली. उद्घाटनाच्या सकाळी आटपाडीहून आलेल्या दगडाबाई दारातली सिमेंटची पायरी वाकून चाचपत होत्या. “काय शोधताय, मावशी?” संयोगितानं विचारलं. “माजी आय हितं बांधकामावर हुती. ओल्या पायरीत तिच्या हाताचा ठसा उमटला हुता. तिचा फोटूबी न्हाई, म्हनून हात लावायला आले.” संयोगिताला तो ठसा आठवला. पायरी खराब दिसते म्हणून तिनंच तो बुजवून घेतला होता. “तुमी बगितला का, बाई?” “नाही,” ती पटकन म्हणाली. दगडाबाई सावकाश उठल्या. “मग माजंच चुकलं आसंल. लहान हुते तवा. तुमाला उगंच तरास.” तेवढ्यात सत्कारासाठी संयोगिताचं नाव पुकारलं. शाल पांघरताना तिची मान वर होईना. लोकांना तो विनय वाटला.